अक्षयकुंभ पेढी बुडाली आणि एकटीनेंच कबुली दिली, त्याची बखर

श्रीलक्ष्मीस नमन, जी एका जागीं फार वेळ बसत नाहीं. तिचे वाहन जें घुबड, ज्यास दिवसाढवळ्या दिसत नाहीं, त्यासही नमन. आणि ज्यांनीं बंद दारापुढें उभें राहून पायांचे खांब केले, त्या समस्त ठेवीदारांस साष्टांग दंडवत. शके एकोणीसशें चाळीस, विलंबी नाम संवत्सरे, भाद्रपद वद्य पंचमी, ते दिवशीं एका राज्यांत (राज्याचें नांव लिहिण्याची परवानगी मागितली आहे, उत्तर आलें नाहीं) अक्षयकुंभ नामें थोर पेढी बुडाली, त्याचें वर्तमान ऐसें जे, सकाळीं दहा वाजतां दारें उघडावयाचीं तीं उघडलीं नाहींत, आणि साडेदहास दारावर एक कागद लागला, त्यावर 'तांत्रिक कारणास्तव' इतकेंच लिहून खालीं सही ओढली होती, ती सही कोणाची हें आजतागायत कळलें नाहीं. मग लोक जमले, आणि दुपारपर्यंत रांग मारुतीच्या देवळापर्यंत गेली, आणि संध्याकाळीं रांग मोडून नुसती गर्दी राहिली. पैका कोठें गेला म्हणाल, तर पेढीचे मुख्य राजश्री त्रिविक्रमराव यांस एक मेहुणे होते, त्यांनीं नदीकांठीं बत्तीस मजल्यांची इमारत उभारावयास घेतली होती, तीस पेढीनें कर्ज दिलें, आणि तें फिटेना म्हणून तें फेडावयास दुसरें दिलें, आणि दुसरें फिटेना म्हणून तिसरें दिलें. आणि इमारतीचें म्हणावें तर जमिनीखालचा खड्डा उत्तम तयार जाहला होता, वरचे मजले तेवढे निघावयाचे राहिले होते.

मग दरबार भरला आणि मसलत चालली. एक सरदार नवे होते, ते म्हणाले कीं जे कोणी अपराधी असतील त्यांस धरावें. तेव्हां दिवाणसाहेबांनीं त्यांजकडे मायेनें पाहिलें आणि विचारिलें कीं धरावयास हरकत नाहीं, परंतु कोठून कोठवर धरावें, आणि त्यांत आपण सर्व बसलों आहों त्या ओळीचें काय करावें. ते समयीं सरदार खालीं बसले. मग दिवाणसाहेबांनीं उपाय काढिला कीं लोक चिडले आहेत, त्यांस अपराधी दाखविण्यापेक्षां धीर दाखवावा. संकट आलें तें आभाळांतून आलें, आणि राज्यांतील थोरांनीं तें छातीवर झेललें, ऐसा एक माहितीपट काढावा, त्याचें नांव 'आम्ही सावरलों' ठेवावें, त्यांत तीन ठेवीदार रडतांना आणि एक आशेनें हसतांना असावा, आणि शेवटीं सूर्य उगवावा. सर्वांनीं माना डोलाविल्या, कारण सूर्य उगविण्यास कोणाची हरकत नव्हती.

या कामीं हेमांगीबाई वाघधरे यांस बोलावणें गेलें. बाईंचें वय अठ्ठेचाळीस, केस पांढरे जाहले ते तसेच ठेविलेले, बोलणें थोडें आणि ऐकणें बहुत. जाहिराती काढण्यांत त्यांचा हात कोणी धरीत नसे. चहा म्हणूं नका, साबण म्हणूं नका, बाईंनीं ज्याची जाहिरात काढिली तें घरोघर गेलें. सहा वर्षांपूर्वीं याच अक्षयकुंभ पेढीचीही त्यांनीं काढिली होती, ती अशी कीं एक आजी झोपाळ्यावर बसली आहे, नात तिच्या मांडीवर निजली आहे, आणि मागून आवाज येतो कीं तुम्ही झोपा, आम्ही जागे आहोंत. ती पाहून बायकांच्या डोळ्यांस पाणी येई आणि दुसऱ्या दिवशीं त्या खातें उघडीत. परंतु बाईंच्या मनीं बहुत वर्षें एक हुरहूर होती कीं आयुष्य साबण विकण्यांत गेलें, एकदां तरी खरें कांहीं काढावें. ही गोष्ट त्यांनीं दिवाणसाहेबांपाशीं बोलून दाखविली, तेव्हां साहेब प्रसन्न होऊन म्हणाले कीं अवश्य, खरेंच काढा, कोणतें खरें तें आमचे कचेरींतून लेखी येईल.

मग बाई आणि त्यांचे कॅमेरा चालविणारे काशिनाथ मेस्त्री, वय साठ, मोजकें बोलणारे गृहस्थ, असे दोघे सामान गाडींत घालून निघाले. प्रथम त्रिविक्रमरावांचे बंगल्यावर गेले. रावांनीं चहा दिला, आणि दिव्यांच्या उजेडांत आपला चेहरा कसा येतो तें तीन वेळां पाहिलें, आणि मग सांगों लागले कीं आपण पेढीचे मुख्य, मुख्यानें सही करावी आणि वाचावें तें खालच्यांनीं, वीस वर्षें आपण सह्या केल्या, ताप असतांही केल्या, एकदांही कंटाळा केला नाहीं. बाईंस विचारावयाचे प्रश्न दिवाणांकडून छापून आले होते, आणि त्यांतील एकही असा नव्हता कीं ज्याचें उत्तर देतां कोणास घाम यावा, परंतु उठतां उठतां त्यांच्या तोंडून आपसूक निघालें, "मग जबाब कोणीं द्यावा?" रावांनीं सांगितलें कीं तपासनीसांनीं, कारण त्यांनीं दरसाल तपासून सर्व ठीक म्हणून लिहिलें, म्हणून आपण निश्चिंत राहिलों.

मग तपासनीस सदाशिवपंत यांजकडे गेले. ते भिडस्त, देवभोळे, निवृत्तीस एक वर्ष राहिलेले. त्यांनीं सांगितलें कीं तपासणी दोन दिवस चाले, त्यांत पेढीचे लोक फार अगत्य करीत, जेवणास श्रीखंड असे. मेहुण्यांच्या कर्जाची फाईल आपण मागितली नाहीं असें नाहीं, मागितली, तेव्हां ती बांधणीस गेली आहे असें कळलें, आणि आपण तशी नोंद केली. बाईंनीं विचारिलें कीं दुसऱ्या वर्षीं? तर दुसऱ्या वर्षींही बांधणीस होती. आणि तिसऱ्या? पंत म्हणाले कीं सात वर्षें बांधणी चालली होती, आणि घाईची बांधणी टिकत नाहीं हेंही खरें आहे. हें सांगतांना पंतांनीं चष्मा काढून पुसला आणि पुष्कळ वेळ पुसतच राहिले. जबाब कोणीं द्यावा, या प्रश्नास त्यांनीं अर्थशास्त्राचे महापंडित नीलकंठराव यांचें नांव सांगितलें, कारण पेढी भक्कम असल्याबद्दल त्यांचा एकशें चाळीस पानांचा अहवाल होता, आणि एवढा मोठा विद्वान भक्कम म्हणतो तेथें आपण कोण. मग महापंडितांकडे गेले. त्यांनीं सांगितलें कीं अहवाल पूर्णपणें तपासनीसांच्या शिक्क्यावर विसंबून लिहिला; आणि अहवालाबद्दल पेढीकडून बिदागी घेतली ती अहवालांत कोठें नमूद आहे काय असें विचारतां म्हणाले कीं तळटीप द्यावयाची होती, पान संपलें. या प्रकारें सरदार, कारभारी, लेखनिक मिळून एकेचाळीस जणांस विचारिलें, आणि एकेचाळीसांनींही शेजारच्याकडे बोट केलें, आणि ती बोटें फिरत फिरत पुन्हा पहिल्यापाशीं आलीं. गाडींत बसतां काशिनाथांनीं इतकेंच म्हटलें कीं आजवर पुष्कळ लग्नांचीं चित्रणें केलीं, तेथेंही लोक इतके सजून बसत नाहींत.

मग रडणारे तीन ठेवीदार मिळवावयाचे राहिले. त्यासाठीं बाई पेढीच्या दारीं गेल्या, तेथें आतां रोजचे लोक बसूं लागले होते, कोणी डबा आणी, कोणी वर्तमानपत्र. त्यांत द्रौपदाबाई लोंढे होत्या. नगरपालिकेच्या दवाखान्यांत त्यांनीं चौतीस वर्षें बाळंतपणें केलीं, नवरा लवकर गेला, मूल नव्हतें, आणि म्हातारपणीं कोणाच्या घरीं कोपऱ्यांत पडून राहावें लागूं नये, आपली एक खोली घ्यावी, म्हणून जें साठविलें तें सर्व या पेढींत. बाईंनीं त्यांस नम्रपणें विचारिलें कीं आपण कॅमेऱ्यापुढें बसाल काय, आणि मन मोकळें करितां डोळ्यांस पाणी आलें तर आवरूं नये. द्रौपदाबाई म्हणाल्या, "रडायचं ते घरी रडून झालं. ते तुम्हाला कशाला?" मग त्यांनीं बाईंकडे निरखून पाहिलें आणि विचारिलें, "ती झोपाळ्याची जाहिरात तुमची ना? माझ्या वॉर्डातल्या टीव्हीवर लागायची. ती बघून मी पैसे आणून ठेवले." बाईंनीं होय म्हटलें. तेव्हां द्रौपदाबाईंनीं आवाज न चढवितां, पेशंटास कोठें दुखतें असें विचारावें त्या सुरांत विचारिलें, "तुमचे किती अडकले इथं?"

हा प्रश्न हेमांगीबाईंच्या मनास लागला, त्याचें कारण लिहितों. सहा वर्षांपूर्वीं जाहिरातीचें काम चाललें असतां पेढीच्या जिन्यांत एक हिशेबनीस त्यांस भेटला होता, आणि मागेंपुढें पाहून हळूच म्हणाला होता, "बाई, तुमचा मोबदला इथल्या खात्यावर घेऊं नका. दुसऱ्या पेढीवरचा चेक मागा." बाईंनीं कां म्हणून विचारिलें, तर तो म्हणाला कीं मागा म्हणतों तर मागा, आणि खालीं उतरून गेला. बाईंनीं तो चेक मागितला, आणि तो मिळालाही. आणि वरती जाऊन त्यांनीं नातीची झोंप आणखी गोड दिसावी म्हणून दिव्यांवर पातळ कापड लाविलें. त्या दिवशीं त्यांस कळलें नव्हतें असें नाहीं. कळलें होतें, आणि कळलें तें कामाच्या गडबडींत एका बाजूस ठेविलें होतें, आणि सहा वर्षें तें तेथेंच होतें. द्रौपदाबाईंस त्यांनीं एवढेंच उत्तर दिलें कीं माझा एक रुपयाही अडकला नाहीं. द्रौपदाबाईंनीं मान हालविली, आणि डब्यांतील भाकरीचा तुकडा मोडून खाऊं लागल्या. आणि त्या दोन शब्द वाईट बोलल्या असत्या तर बरें जाहलें असतें असें बाईंस वाटलें.

मग बाई घरीं आल्या आणि दोन दिवस एकेचाळीस जणांचीं चित्रें पुन्हा पुन्हा पाहिलीं. पाहतां पाहतां त्यांस हसूं येईना, कारण प्रत्येकाच्या बोलण्यांत त्यांस आपला आवाज ऐकूं येऊं लागला. तिसऱ्या सकाळीं त्यांनीं काशिनाथांस बोलाविलें, खिडकीपाशीं खुर्ची मांडिली, आपण तींत बसल्या, आणि म्हणाल्या कीं मला तोच प्रश्न विचारा. काशिनाथांनीं पुष्कळ समजाविलें कीं हें करूं नका, दरबारचे लोक असें कोणी सांपडण्याची वाटच पाहत असतील. बाईंनीं ऐकिलें नाहीं. मग काशिनाथांनीं कॅमेरा सुरू केला आणि घसा खाकरून विचारिलें कीं जबाब कोणीं द्यावा. बाई म्हणाल्या, "मी द्यावा. मला सांगितलं होतं, मला समजलं होतं, आणि तरी मी लोकांना झोपा म्हणून सांगितलं." आणि जिन्यापासून चेकापर्यंत सर्व हकीकत त्यांनीं सांगितली, आपली बाजू सावरली नाहीं. काशिनाथांनीं कॅमेरा बंद केला, आणि स्वयंपाकघरांत जाऊन दोघांसाठीं चहा केला.

आतां वाचणारा पुसेल कीं असा माहितीपट दरबाराच्या परीक्षक मंडळाच्या हातून सुटला कसा. तर त्या मंडळांत पांच थोर गृहस्थ होते, आणि त्यांची रीत अशी कीं पहिल्यानें सूर्य उगवतो काय एवढें शेवटचे दोन मिनिटांत पाहावें आणि सही करावी, आणि दुसऱ्यानें पहिल्याची सही पाहून करावी, आणि याप्रमाणें पांचव्यापर्यंत. सूर्य उगवत होता, बाईंनीं तो मुद्दाम नदीकांठच्या खड्ड्याच्या कडेवरून उगविला होता. पांच सह्या एका दुपारीं जाहल्या. मग फाल्गुन शुद्ध दशमीस सायंकाळीं दरबारच्या नाट्यगृहांत पहिला प्रयोग ठरला, आणि तोच घरोघरच्या टीव्हीवर दाखविण्याची आज्ञा दिवाणसाहेबांनीं आपण होऊन दिली. थोर मंडळी अत्तर लावून पुढच्या खुर्च्यांवर बसली. त्रिविक्रमरावांचा चेहरा पडद्यावर आला तेव्हां त्यांच्या कुटुंबानें टाळी वाजविली. मग फाईल बांधणीस गेली आणि सात वर्षें तेथेंच राहिली, तेव्हां मागच्या रांगांत कोणी हसलें. मग पान संपलें, आणि सगळें नाट्यगृह हसलें. मग बोटें फिरूं लागलीं, आणि राज्यांत घरोघर लोक आपल्या जेवणाच्या ताटांवरून हसूं लागले. दिवाणसाहेब तीन वेळां उठले, आणि तिन्ही वेळां मागच्यांनीं 'खालीं बसा, दिसत नाहीं' म्हणून त्यांस बसविलें. शेवटीं खिडकीपाशीं बसलेल्या बाई आल्या, आणि त्या बोलूं लागल्या तेव्हां हसणें बंद पडलें, आणि सूर्य उगवला तो कोणीं पाहिला नाहीं.

दुसऱ्या दिवशीं दरबारांत मोठा गोंधळ. कोणी म्हणे माहितीपट जाळा, कोणी म्हणे परीक्षकांस काढा. परंतु दिवाणसाहेब शांत होते. ते म्हणाले कीं तुम्हांस यांतील गुण दिसला नाहीं; लोकांस अपराधी पाहिजे होता, आपणांस सांपडत नव्हता, आणि हा आपल्या पायांनीं चालत आला आहे, कबुलीसह. बेचाळीस जणांनीं साक्ष दिली, त्यांत एकेचाळीसांस कांहीं ठाऊक नाहीं आणि एकीस ठाऊक होतें. तर अपराध कोणाचा हें लहान मुलासही कळेल. सर्वांनीं साहेबांच्या बुद्धीची तारीफ केली. चौकशी मंडळ नेमिलें, त्यावर महापंडित नीलकंठराव अध्यक्ष जाहले. आणि चैत्रांत, विकारी नाम संवत्सर लागतांच, लोकांस फसवून ठेवी ठेवावयास लाविल्या या आरोपावरून हेमांगीबाईंस कोतवालींत नेलें. त्रिविक्रमरावांनीं वर्तमानपत्रांत पत्र लिहिलें कीं अशा प्रवृत्तींनींच पेढ्या बुडतात.

खटला उभा राहिला. सरकारी वकिलानें द्रौपदाबाईंस साक्षीस आणिलें, कारण जाहिरात पाहून पैसे ठेविले असें त्या कोणासही सांगत. हेमांगीबाई समोर उभ्या होत्या. वकिलानें विचारिलें, तेव्हां द्रौपदाबाईंनीं सरळ सांगितलें कीं होय, यांच्याच सांगण्यावरून ठेविले, आणि यांनीं खोटें सांगितलें. वकील संतोषला आणि न्यायाधीशांनीं लिहून घेतलें. हेमांगीबाईंनीं मान खालीं घातली, कारण त्यांस वाटलें होतें कीं ही बाई कदाचित आपल्या बाजूनें कांहीं बोलेल, आणि असें वाटलें याचीच त्यांस लाज वाटली. मग न्यायाधीश म्हणाले कीं आपण जाऊं शकतां. द्रौपदाबाई गेल्या नाहींत. त्या म्हणाल्या, "साहेब, हिनं कबूल केलं, ते बरं झालं. बाकीचे एकेचाळीस कधी येणार? मला आता दुपारी काम नसतं. मी बसते."

आणि त्या मागच्या बाकावर जाऊन बसल्या. न्यायाधीशांनीं हेमांगीबाईंस आठ महिन्यांची शिक्षा दिली, ती ऐकून द्रौपदाबाई उठल्या नाहींत. न्यायकचेरी बंद होईपर्यंत बसल्या, आणि दुसऱ्या दिवशीं डबा घेऊन आल्या. तिसऱ्या दिवशीं पेढीच्या दारचे सात जण त्यांजबरोबर आले, आणि पंधरवड्यांत पेढीचें दार ओस पडलें आणि कचेरीचीं बाकें भरलीं. ते घोषणा देत नसत, कीं दगड मारीत नसत. कोणाच्या भाऊबंदकीचा खटला चालो, कोणाच्या म्हशीचा चालो, हे आपले बसून न्यायाधीशांकडे पाहत. न्यायाधीशांस जेवण जाईना. मग दरबारानें हुकूम काढून बाकें दुरुस्तीस म्हणून उचलून नेलीं, तेव्हां लोक भिंतीशीं उभे राहूं लागले, आणि बसलेले जेवढे दिसत त्याहून उभे अधिक दिसूं लागले. शेवटीं कार्तिकांत न्यायाधीशांनीं वैतागून, कोणा एकास तरी बोलवा म्हणजे हे जातील, ऐशा हेतूनें तपासनीस सदाशिवपंतांस समन्स धाडिलें, कारण एकेचाळीसांत तेच सर्वांत कमी वशिल्याचे होते. पंत आले. प्रथम आठवत नाहीं म्हणाले, मग भिंतीकडे त्यांची नजर गेली, तेथें जितकीं माणसें उभीं होतीं त्यांतील निम्मीं त्यांच्याच आळींतलीं, तेव्हां चष्मा काढिला, आणि या वेळीं पुसला नाहीं, हातांत धरिला, आणि म्हणाले, "फाईल बांधणीस नव्हती. मेजावर होती. मी उघडली नाहीं, कारण उघडल्यावर मला लिहावें लागलें असतें." आणि कोणाच्या निरोपावरून उघडली नाहीं तेंही सांगितलें. तें नांव ऐकून न्यायाधीशांचे लेखनिकानें लेखणी खालीं ठेविली, आणि न्यायाधीशांनीं ती उचलून त्याच्या हातीं दिली.

या वेळीं त्रिविक्रमराव गुडघ्याच्या उपचारासाठीं समुद्रापार गेले होते. तेथील वैद्य फार सावकाश काम करितात असें कळतें.

पौषांत हेमांगीबाई सुटल्या. फाटकाबाहेर काशिनाथ गाडी घेऊन आले होते, आणि त्यांजबरोबर द्रौपदाबाई होत्या. आठ महिने बाईंनीं मनाशीं कांहीं वाक्यें जुळविली होतीं, तीं बोलावयास त्यांनीं सुरुवात केली, आणि क्षमा हा शब्द तोंडीं आला. द्रौपदाबाईंनीं त्यांस पुरें बोलूं दिलें नाहीं. त्या म्हणाल्या, "ते मला जमायचं नाही. माझी खोली गेली ती गेलीच." मग बाईंच्या हातांतली पिशवी आपल्या हातीं घेऊन म्हणाल्या, "पण आज महापंडिताची तारीख आहे. चला, तुमच्यासाठी भिंतीशी जागा धरायला सांगितलीय." बाई गाडींत बसल्या. कचेरींत गेल्यावर भिंतीशीं उभ्या माणसांनीं जरा सरून एका माणसापुरती जागा केली, कोणी हसलें नाहीं, कोणी तोंडही फिरविलें नाहीं, आणि बाई तेथें उभ्या राहिल्या.

येणेंप्रमाणें अक्षयकुंभ पेढीचें वर्तमान जाहलें. ठेवींपैकीं चार आणे परत मिळाले, बारा आणे मिळतील असें दिवाणसाहेबांनीं दोन वेळां सांगितलें आहे. एकेचाळीसांपैकीं सहा जणांच्या तारखा लागल्या, पस्तीस उरले. नदीकांठीं खड्ड्यांत पाणी सांठून मासे जाहले आहेत, त्यांचा लिलाव कोणी करावा याविषयीं दरबारांत मसलत चालू आहे. बाकें अद्याप दुरुस्तीहून आलीं नाहींत. लोक उभे आहेत. लेखनसीमा.